बेसबॉलचे गाजलेले क्षण बघून काहीच वाटत नसेल, तर आधी आऊट किती होते ते बघा

प्रश्न असा आलाय: न्यू जर्सीत येऊन सहा महिने झाले, क्रिकेट लहानपणापासून अंगात भिनलेलं, ऑफिसमध्ये जेवताना लोक बकनर, विली मेज, कर्क गिब्सन अशी नावं काढतात आणि हळवे होतात, म्हणून यूट्यूबवर 'सर्वात मोठे दहा क्षण' टाइपचे व्हिडिओ पाहिले, पण आत काहीच हललं नाही. एक माणूस पळतो, बॉल पकडतो, लोक रडतात. तर कुठले खेळाडू आणि कुठले क्षण माहीत असायलाच हवेत त्याची यादी द्या.

नावं देतो, खाली बरीच येतील. पण खरी अडचण यादीची नाहीये असं मला वाटतं. यादी तुम्ही पाहिलीत, बघूनच विचारताय. अडचण ही की क्लिप सुरू होते पिचरने (म्हणजे बेसबॉलच्या बोलरने) हात मागे नेल्यापासून, आणि तो क्षण सुरू झालेला असतो त्याच्या वीस मिनिटं आधी. आधीचं कापून टाकलं की जे उरतं ते खरंच 'एक माणूस पळतो' एवढंच असतं.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. मूळचा नागपूरचा, जर्सीत २२ वर्षं झाली, त्यातली १७ वर्षं उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बेसबॉलच्या मैदानावरच गेलेत. मुलगा खेळायला लागला तेव्हा टीमचा स्कोअर लिहायला कोणी नव्हतं, वही माझ्या हातात आली, मग दुसऱ्या लीगवालेही बोलवायला लागले, आणि गेली नऊ वर्षं मी लहान मुलांच्या आणि हायस्कूलच्या मॅचेसना अंपायर म्हणून उभा राहतो. म्हणजे मी हा खेळ शिकलो तो पेन्सिलने. स्कोअरच्या वहीत प्रत्येक बॅटरला एक चौकोन असतो, त्यात बेसचा छोटा डायमंड छापलेला (फर्स्ट, सेकंड, थर्ड फिरून होमला परत आलं की एक रन), बाजूला बॉल (नीट न पडलेला पिच) आणि स्ट्राईक (चुकलेला किंवा सोडलेला नीट पिच, तीन झाले की आऊट) मांडायची बारीक घरं, आणि माणूस आऊट झाला की गोल करून आत १, २ नाहीतर ३ लिहायचं. हे लिहिता लिहिता एक दिवस लक्षात आलं की थरार त्या गोलातल्या आकड्यात आहे, होम रनमध्ये (म्हणजे आपल्या सिक्ससारख्या फटक्यात) नाही.

क्रिकेटवाल्याला हे कसं सांगायचं तर असं बघा. वनडेत बॉल संपतात. पन्नास ओव्हर झाल्या की खेळ खलास, त्यामुळे पुढे असलेली टीम वेळ काढू शकते, दोन डॉट बॉल टाकले तरी काम होतं. बेसबॉलमध्ये बॉल संपतच नाहीत, फक्त आऊट संपतात. नऊ इनिंग, प्रत्येकी तीन, असे २७ आऊट, आणि शेवटचा आऊट जोपर्यंत तुम्ही घेत नाही तोपर्यंत तुम्ही जिंकलेले नसता, पाच रनने पुढे असलात तरी. (२०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, पण ते दोन पिचमधल्या वेळेसाठी आहे, मॅचला नाही.) म्हणून 'दोन आऊट, बेसवर कोणी नाही' हे वाक्य ऐकलं की बेसबॉल बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, अगदी तसाच जसा 'शेवटच्या बॉलवर चार हवेत' ऐकून आपल्या येतो. आपल्याला त्यासाठी चित्र लागत नाही. त्यांनाही लागत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुमच्या टेबलावर कोण बसतं? यँकीजवाला असेल तर वेगळे क्षण, मेट्सवाला असेल तर वेगळे (दोन्ही न्यू यॉर्कच्याच टीम), बॉस्टनहून आलेला कोणी असेल तर जरा जपूनच, आणि ब्रुकलिनमधला कोणी सत्तर-ऐंशीच्या घरातला असेल तर १९५७ नंतर डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले ती जखम अजून ओली असते. शिवाय तुम्हाला आकडे आवडतात की माणसं, त्यावरही आहे. मला दोन्ही आवडतात, पण सुरुवात मी नेहमी बकनरपासूनच करायला सांगतो.

२५ ऑक्टोबर १९८६, न्यू यॉर्कचं शे स्टेडियम, वर्ल्ड सिरीजची (सातपैकी चार जिंकायच्या अशी फायनल) सहावी मॅच. बॉस्टन रेड सॉक्स मेट्सविरुद्ध सिरीजमध्ये ३-२ ने पुढे, म्हणजे ही जिंकली की ट्रॉफी, आणि बॉस्टनने शेवटची ट्रॉफी जिंकलेली १९१८ मध्ये. नऊ इनिंगनंतर बरोबरी, म्हणून जास्तीची दहावी, त्यात बॉस्टन ५-३ ने पुढे. मेट्सचे पहिले दोघं आऊट. बेसवर कोणी नाही. स्कोअरबोर्डवर क्षणभर बॉस्टनचं अभिनंदनही झळकलं. मग गॅरी कार्टरचा सिंगल (म्हणजे रन नाही, मारून फर्स्ट बेसपर्यंत पोचणं). केविन मिचेलचा सिंगल. रे नाइट दोन स्ट्राईक खाऊन बसलेला, एक अजून गेला असता तर सगळं संपलं असतं, त्यानेही सिंगल मारला, ५-४. पिचर बदलला, बॉब स्टॅन्ली आला, समोर मूकी विल्सन, तो एकामागून एक पिच फाऊल करत (रेषेबाहेर मारत) राहिला, आणि त्यातच स्टॅन्लीचा एक पिच इतका भरकटला की कॅचरला सापडला नाही, थर्डवरून मिचेल पळत आला, ५-५. दहाव्या पिचवर विल्सनने फर्स्ट बेसच्या दिशेने साधा घरंगळता बॉल मारला आणि तो बिल बकनरच्या पायांमधून मागे गेला. नाइट होमला. ६-५.

आता वही उघडून बघा. बकनरच्या पायांखालून बॉल जायच्या आधीच स्कोअर बरोबरीत आलेला होता. त्याने तो बॉल अडवून विल्सनला आऊट केला असता तरी बॉस्टन जिंकलं नसतं, फार तर अकरावी इनिंग सुरू झाली असती. आणि ही सहावी मॅच होती, सातवी बाकी होती, त्या सातव्या मॅचमध्येही बॉस्टन आधी ३-० ने पुढे होतं आणि ८-५ ने हरलं. पण ऑफिसमध्ये कोणालाही विचारा, दहातले सात जण सांगतील बकनरने वर्ल्ड सिरीज घालवली. कारण क्लिप तिथूनच सुरू होते.

हे मला फार लागतं, आणि का लागतं ते तुम्हाला लगेच कळेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शारजात चेतन शर्माच्या शेवटच्या बॉलवर मियाँदादने सिक्स मारला होता. त्या पोराचं आख्खं आयुष्य त्या एका बॉलला बांधलं गेलं. पुढच्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ ला, आमच्या नागपुरात व्हीसीएच्या ग्राउंडवर न्यूझीलंडविरुद्ध त्याच चेतन शर्माने वर्ल्ड कपमधली पहिलीवहिली हॅटट्रिक घेतली, तिघांच्याही दांड्या उडवल्या, मी शाळेत होतो तेव्हा, गल्लीत नुसता कल्ला झाला होता. तरी आज चेतन शर्मा म्हटलं की लोक शारजाच म्हणतात. बकनरचंही तसंच. २७१५ हिट्स (स्वतःच्या फटक्यावर बेस गाठणं) आहेत त्या माणसाच्या नावावर, १९८० मध्ये नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) बॅटिंगचा किताब त्याचा, घोटे इतके खराब की चालतानाही त्रास, शेवटच्या इनिंग्जमध्ये बऱ्याचदा त्याच्या जागी दुसरा फिल्डर आणायचे, त्या रात्री आणला नाही. तो निर्णय मॅनेजरचा, भरकटलेला पिच पिचरचा, तीन सिंगल मेट्सचे, आणि नाव एकट्या बकनरचं. २००८ मध्ये फेनवे पार्कला सिझनच्या पहिल्या घरच्या मॅचचा पहिला बॉल टाकायला त्याला बोलावलं तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं, तो डोळे पुसत होता. २०१९ मध्ये तो गेला. ती २००८ ची क्लिप आत्ता लगेच बघू नका, आधी ती दहावी इनिंग पूर्ण बघा, मग बघा.

बॉस्टनवाल्याशी बोलताना याला जोडून अजून एक गोष्ट माहीत हवी. ऑक्टोबर २००४, समोर यँकीज, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत बॉस्टन ०-३ ने मागे, नवव्या इनिंगमध्ये एका रनने मागे, आणि पिचर मारियानो रिव्हेरा, म्हणजे मॅच बंद करण्यात त्याच्यासारखा दुसरा झाला नाही असा माणूस. केविन मिलार वॉक घेऊन (चार पिच नीट न पडल्यामुळे फुकट) फर्स्टला गेला, त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. स्टेडियममध्ये प्रत्येकाला माहीत होतं की हा सेकंड बेस चोरायला आलाय, रिव्हेरालाही, त्याने तीनदा फर्स्टकडे बॉल फेकून त्याला अडवलं. तरी पुढच्या पिचला रॉबर्ट्स पळाला आणि बोटभर अंतराने पोचला. मग बिल म्युलरचा सिंगल, बरोबरी, बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिजचा होम रन. तिथून बॉस्टनने सलग आठ मॅच जिंकून ८६ वर्षांनी ट्रॉफी आणली. रॉबर्ट्सने बॅटला हातही लावला नव्हता. क्लिपमध्ये तुम्हाला दिसतं एक माणूस ९० फूट पळाला, बस.

आता विली मेज. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत हा नक्की असणार, पाठ करून पळतो आणि खांद्यावरून बॉल झेलतो तो. २९ सप्टेंबर १९५४, वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच, पोलो ग्राउंड्स, मेजची टीम जायंट्स विरुद्ध क्लीव्हलँड. तुम्हाला वाटलं असेल, कॅच चांगला आहे, पण कपिलने १९८३ च्या फायनलला मागे पळत रिचर्ड्सचा घेतला तसाच की. बरोबर, दिसायला तसाच. पण आठवी इनिंग, २-२ बरोबरी, एकही आऊट नाही, फर्स्ट आणि सेकंड दोन्ही बेसवर माणसं. व्हिक वर्ट्झने मारलेला बॉल खाली पडला असता तर दोन रन नक्की. आणि कॅच झाला तरी काम संपत नाही, हा नियम क्रिकेटवाल्यांच्या सुटतोच: उंच बॉल झेलला गेला की बेसवरचा माणूस परत बेसला पाय लावून पुढे पळू शकतो. पोलो ग्राउंड्स मधल्या बाजूला ४८० फुटांहून खोल होतं, मेज चारशे फुटांच्या पलीकडे, त्याची पाठ मैदानाकडे. एवढ्या लांबून सेकंडवरचा माणूस सरळ होमपर्यंत येऊ शकला असता. म्हणून मेजने झेल घेतल्या घेतल्या गर्रकन वळून, टोपी उडालेली, स्वतः पडत असताना बॉल आत भिरकावला. सेकंडवरचा माणूस फक्त थर्डपर्यंत गेला. त्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडला एकही रन मिळाला नाही.

म्हणजे कॅच नाही, थ्रो बघा. मी मुलांना फिल्डिंगचं काही सांगतो तेव्हा ही क्लिप दाखवतो आणि कॅच झाल्यावर थांबवून विचारतो, आता काय?

अजून एक गंमत आहे त्या मॅचमध्ये, वहीशिवाय ती दिसत नाही. दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सचा डस्टी ऱ्होड्स बदली बॅटर म्हणून आला आणि राइट फील्डच्या कोपऱ्यात त्याने होम रन मारला, ५-२, मॅच संपली. त्या कोपऱ्यात कुंपण फक्त २५८ फुटांवर होतं. वर्ट्झचा चारशे फुटांच्या वरचा बॉल आऊट, ऱ्होड्सचा जेमतेम २६० फुटांचा बॉल होम रन. वर्ट्झला त्या दिवशी बाकीचे चार हिट होते. क्लीव्हलँडने त्या सिझनला १११ मॅचेस जिंकल्या होत्या आणि ही सिरीज ०-४ ने हरले.

आणि सेकंडवरून थर्डपर्यंतच पोचू शकलेला तो माणूस म्हणजे लॅरी डोबी. हे नाव तुमच्या टॉप दहात नसणार, पण तुम्ही जर्सीत राहता तर ते तुमचं आहे. त्यासाठी आधी जॅकी रॉबिन्सन.

जॅकी रॉबिन्सन सगळ्यांना माहीत असतो: १५ एप्रिल १९४७, ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड, आधुनिक काळात मेजर लीगमध्ये खेळलेला पहिला काळा खेळाडू. दरवर्षी १५ एप्रिलला सगळे खेळाडू ४२ नंबर घालतात तो त्याच्यासाठी, एरवी १९९७ पासून तो नंबर कुठल्याच टीममध्ये कोणाला नवीन देत नाहीत. पण त्या दिवसाच्या वहीत काय आहे? एकही हिट नाही. सातव्या इनिंगमध्ये त्याने बंट केला, म्हणजे बॅट आडवी धरून बॉल नुसता समोर टाकला, फर्स्ट बेसमनने घाईत थ्रो चुकवला, रॉबिन्सन बेसवर, आणि पुढच्या पीट रायझरच्या डबलवर (सेकंडपर्यंत नेणारा फटका) तो होमला आला, डॉजर्स पुढे गेले, शेवटी ५-३ ने जिंकले. चौकोनात लिहायचं तर 'एरर'. त्याच्या नावावर हिट म्हणून काहीच नाही. पण तो थ्रो चुकला का, तर हा माणूस एवढ्या जोरात पळत होता की फिल्डरला विचार करायला वेळच मिळाला नाही. पुढची दहा वर्षं रॉबिन्सन असाच खेळला, समोरच्याला घाईत टाकायचं आणि चूक करायला लावायची. त्याला शिव्या देणाऱ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही असं त्याला टीममध्ये घेणाऱ्या डॉजर्सच्या ब्रँच रिकीशी ठरलेलं होतं, मला नेहमी वाटतं ते सगळं त्याने पायांत उतरवलं.

त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. १८ एप्रिल १९४६, जर्सी सिटीचं रूझवेल्ट स्टेडियम. रॉबिन्सन तेव्हा डॉजर्सच्या खालच्या टीममध्ये, माँट्रियल रॉयल्समध्ये, आणि त्याची पहिली मॅच हीच. चार हिट, त्यात एक तीन रनचा होम रन, दोन बेस चोरले, चार वेळा होमला आला, माँट्रियल १४-१ ने जिंकलं. ती ओळ वहीत लिहिताना स्कोअररला काय वाटलं असेल याचा विचार मी कितीतरी वेळा केलाय. स्टेडियम १९८५ मध्ये पाडलं. जर्नल स्क्वेअरला पाथ ट्रेनला उतरलात तर तिथे रॉबिन्सनचा पुतळा आहे, आपले लोक त्याच्या समोरून रोज जातात.

डोबी पॅटरसनमध्ये वाढला, न्यूअर्क ईगल्सकडून खेळला, ही नीग्रो लीगमधली (काळ्या खेळाडूंची वेगळी लीग) टीम, जिची मालकीण एफा मॅन्ली आज हॉल ऑफ फेममधली एकमेव बाई आहे. रॉबिन्सननंतर अकराच आठवड्यांनी, ५ जुलै १९४७ ला, डोबी क्लीव्हलँडकडून अमेरिकन लीगमधला पहिला काळा खेळाडू झाला. रॉबिन्सनला खालच्या टीममध्ये एक वर्ष तयारी मिळाली होती, डोबीला काहीच नाही, थेट ट्रेनने शिकागो आणि मैदानावर. टीममधल्या काहींनी हातही मिळवला नाही. दुसरा असल्यामुळे त्याची आठवण कमी ठेवली गेली, त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला १९९८ उजाडलं. क्लीव्हलँडला आल्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९४८, वर्ल्ड सिरीजची चौथी मॅच, डोबीने होम रन मारला, स्टीव्ह ग्रोमेकने पूर्ण मॅच पिचिंग केलं, क्लीव्हलँड २-१ ने जिंकलं, आणि लॉकर रूममध्ये दोघांनी गालाला गाल लावून मिठी मारली तो फोटो देशभर छापून आला. एक काळा, एक गोरा, दोघंही खरे खरे हसतायत. त्या फोटोबद्दल ग्रोमेकला त्याच्या गावातल्या लोकांनी बोल लावले. तो फोटो शोधून बघा. खेळातला मला सर्वात आवडणारा क्षण विचाराल तर तोच, आणि त्यात बॉल कुठेच नाहीये.

नीग्रो लीगचा विषय निघालाच तर: मे २०२४ पासून तिथले आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत धरले जातात, त्यामुळे कारकिर्दीतल्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये आता सर्वात वर जॉश गिब्सन आहे, .३७२, टाय कॉबच्या .३६७ च्या वर. जॉश गिब्सन मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळू शकला नाही, रॉबिन्सन यायच्या तीन महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी वारला.

आता एक अंपायर म्हणून. परफेक्ट गेम म्हणजे २७ बॅटर आले, २७ आऊट झाले, एकही बेसवर पोचला नाही. दीडशेच्या आसपास वर्षांत असे फक्त २४ झालेत. वर्ल्ड सिरीजमध्ये एकच, ८ ऑक्टोबर १९५६, यँकीजचा डॉन लार्सन, ज्याला त्याच सिरीजच्या दुसऱ्या मॅचमध्ये दुसऱ्याच इनिंगला काढलं होतं. शेवटचा बॅटर डेल मिचेल, बॅट फिरवता फिरवता थांबवली, अंपायर बेब पिनेलीने तिसरा स्ट्राईक दिला. मिचेल म्हणत राहिला की तो बाहेर होता. पिनेलीची होम प्लेटमागची ती शेवटची मॅच होती.

आणि दुसरी बाजू: २ जून २०१०, डेट्रॉइट, अर्मांडो गलारागा, २६ बॅटर २६ आऊट. सत्ताविसावा जेसन डोनल्ड, बॉल फर्स्ट आणि सेकंडच्या मध्ये गेला, मिगेल काब्रेराने उचलून बेस कव्हर करायला पळालेल्या गलारागाला दिला, वहीत हे ३-१ लिहितात (फर्स्ट बेसमनचा आकडा ३, पिचरचा १), मी टीव्हीसमोर ३-१ पुटपुटलोसुद्धा. फर्स्टवरच्या जिम जॉइसने हात बाहेर फेकले, सेफ. रीप्लेमध्ये माणूस स्वच्छ आऊट. तेव्हा असल्या निर्णयाला रीप्ले मागता येत नव्हता, तो २०१४ पासून आला. वहीत आजही तिथे हिट आहे.

फर्स्टवर आम्ही निर्णय कसा देतो ते सांगतो म्हणजे हे कसं होतं ते कळेल. पाय आणि बॉल दोन्ही एकदम डोळ्यांनी बघता येत नाहीत. म्हणून नजर बेसवर ठेवायची, धावणाऱ्याचा पाय बघायचा, आणि बॉल ग्लव्हमध्ये बसल्याचा 'फट्' आवाज कानाने पकडायचा, आधी आवाज की आधी पाय. म्हणून थ्रोच्या काटकोनात उभं राहायचं, फार जवळ नाही. गोंगाटात किंवा बॉल ग्लव्हच्या टोकात हलकेच अडकला तर आवाज नीट येत नाही. माझ्याकडून हे झालंय, बारा वर्षांच्या मुलांची मॅच, शेवटची इनिंग, मी आऊट दिला आणि हात वर जाता जाताच मला कळलं होतं की पाय आधी होता. ते पोरगं काही न बोलता डगआऊटमध्ये जाऊन बसलं. त्या रात्री झोप नाही आली. म्हणून जॉइसने मॅच संपल्यावर रीप्ले बघून लगेच कबूल केलं की मी त्या पोराचा परफेक्ट गेम घालवला, हे किती अवघड आहे ते मला माहितीये. आणि गलारागा? निर्णयानंतर तो फक्त हसला, परत गेला, पुढच्या बॅटरला आऊट केलं, ३-० ने मॅच संपवली. दुसऱ्या दिवशी जॉइस प्लेटमागे होता, सुट्टी घे म्हणाले तरी आला, आणि टीमची यादी त्याच्या हातात द्यायला मॅनेजरऐवजी गलारागाला पाठवलं. जॉइस तिथेच रडला. ऑफिसमध्ये कोणी याला 'लुटलं' म्हणालं तर त्यांना हा दुसरा दिवस आठवतो का विचारा.

बाकीचे पटापट. कर्क गिब्सन, १९८८, दोन्ही पाय कामातून गेलेले, नववी इनिंग, दोन आऊट, एका रनने मागे, काउंट तीन-दोन (तीन बॉल, दोन स्ट्राईक), आणि नेमका त्याच वेळी तो प्लेटवरून बाजूला झाला कारण टीमच्या स्काउट मेल डिडियरने सांगून ठेवलं होतं की डावऱ्या बॅटरला तीन-दोनवर समोरचा पिचर एकर्स्ली बाहेरून आत येणारा स्लायडर टाकतो. तोच आला, आणि गिब्सनने होम रन मारून मॅच जिंकली. त्या सिरीजमध्ये गिब्सन तेवढ्या एकाच वेळी खेळला. बेब रूथ, १९२० मध्ये ५४ होम रन, जेव्हा बहुतेक आख्ख्या टीम्सना तेवढे जमले नाहीत, म्हणजे ब्रॅडमनसारखं, बाकीच्यांच्या मोजपट्टीतच न बसणारं (१९३२ मध्ये हे दोघं न्यू यॉर्कला खरंच भेटले होते). लू गेरिग, सलग २१३० मॅचेस, मग त्याच्याच नावाने ओळखला गेलेला आजार. तो विक्रम कॅल रिपकनने ६ सप्टेंबर १९९५ ला मोडला, आणि टाळ्या पाचव्या इनिंगच्या मध्यावर का पडल्या, तर घरची टीम पुढे असेल तर तिथे मॅच अधिकृत धरली जाते, हेही वहीवाल्यांनाच सुचतं. हँक ॲरन, १९७३ संपताना ७१३ होम रन, रूथचे ७१४, मधला आख्खा हिवाळा धमक्यांची पत्रं, आणि ८ एप्रिल १९७४ ला ७१५. रोबेर्तो क्लेमेन्ते, बरोब्बर ३००० हिट्स, आणि १९७२ च्या शेवटच्या रात्री निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं, त्यात तो होता. आणि हल्लीचं हवं असेल तर मार्च २०२३, मायामी, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची फायनल, जपान ३-२ ने पुढे, दोन आऊट, काउंट तीन-दोन, पिचर ओहतानी, समोर तेव्हाचा त्याच्याच क्लबमधला, अमेरिकेचा ट्राउट.

तर थोडक्यात काय करायचं. टॉप दहाचे व्हिडिओ बंद करा. १९८६ ची दहावी इनिंग पूर्ण मिळते, ती लावा, हातात कागद-पेन्सिल घ्या, प्रत्येक बॅटरच्या आधी फक्त तीन गोष्टी लिहा: आऊट किती, बेसवर कोण, काउंट किती. तिसऱ्या सिंगलनंतर तुमचं लिहिणं आपोआप थांबेल. मग मेजची क्लिप परत बघा, कॅचनंतर थांबवून. ही दोन झाली की ऑफिसमधल्या लोकांना 'कुठला मोठा क्षण' विचारू नका, 'तेव्हा आऊट किती होते' विचारा, ते जेवण अर्धं ठेवून सांगतील.

आणि एखादा शनिवार रिकामा असेल तर पॅटरसनला जा. धबधब्याला लागूनच हिंचलिफ स्टेडियम आहे, नीग्रो लीगच्या मॅचेस जिथे झाल्या अशा उरलेल्या मोजक्या मैदानांपैकी एक, डोबी शाळेत असताना तिथे खेळायचा. कित्येक वर्षं पडीक होतं, झाडं उगवली होती आत, २०२३ ला दुरुस्त करून परत उघडलं, मग जॅकल्स नावाची टीम तिथे खेळायला लागली. मी गेलो होतो तेव्हा वही घेऊन गेलो होतो, पहिल्या बॅटरचा चौकोन भरायच्या आधी थोडा वेळ नुसता बसून होतो.